कलिंगडाची साल आणि फोरमनबाई

माझी बायको बस डेपोच्या वर्कशॉपची फोरमन झाली, ही बातमी मी इतक्या लोकांना सांगितली की शेवटी शेवटी लोक मलाच ती ऐकवू लागले. दूधवाल्याला मी ती पुन्हा पुन्हा सांगितली, दातांच्या डॉक्टरला तोंडात त्याचं यंत्र असताना सांगितली, आणि चुकून आमचा नंबर लागलेल्या एका बाईंनाही फोन ठेवायच्या आत ऐकवली. त्या म्हणाल्या, "अभिनंदन हो, पण मला गॅस एजन्सी हवी होती."

त्या डेपोत आजवर बाई फोरमन झालेली नव्हती. ही बाई खड्ड्यात उतरून बसच्या पोटाखाली उभी राहते, एंजिनाचा आवाज ऐकते आणि कुठे दुखतंय ते सांगते. मी विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणजे लोकांच्या फुटलेल्या काचा आणि भिजलेलं फर्निचर यांच्यावर दिवसभर संशय घेतो. दोघांच्या कामांत फरक असा की तिने काम केल्यावर बस चालू लागते आणि मी काम केल्यावर माणूस रडू लागतो. तेव्हा घरात अभिमान कुणाचा बाळगायचा हा प्रश्न आमच्याकडे कधी पडलाच नाही.

तिच्या सत्कारासाठी डेपोच्या हॉलमध्ये जेवण ठरलं. कँटीनला रंग देणं चालू असल्यामुळे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा होता. या जेवणाची समिती म्हणजे डेपोचे स्टोअरकीपर. समितीत दुसरं कुणी नव्हतं, पण ते स्वतःबद्दल बोलताना "समितीचं मत असं आहे" असंच बोलत. समितीचं मत असं होतं की मॅडमच्या घरून काही आणायचं नाही. मी फोन करून ठणकावून सांगितलं, "असं कसं? सत्कार माझ्या बायकोचा, आणि मी काय रिकाम्या हाताने येऊ?"

मग समिती म्हणाली, "बरं, तुम्ही सॅलड आणा. काकडी, टोमॅटो, कांदा. कापून आणलं की झालं."

कापून आणलं की झालं! मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. नाटकात ज्याला काहीच येत नाही त्याला हातात भाला देऊन दरवाज्यात उभं करतात ना, तसं मला जेवणाच्या दरवाज्यात उभं केलं होतं. सॅलड हा पदार्थ कुणी आठवण ठेवून खात नाही. लोक आमटीला नावं ठेवतात, भाताला नावं ठेवतात. सॅलडला नावंसुद्धा ठेवत नाहीत, यापेक्षा मोठा अपमान कोणता?

"अगं, त्यांनी मला सॅलड दिलंय," मी बायकोला सांगितलं.

"बरं झालं की," ती म्हणाली. "काकडी चिरता येते तुम्हाला."

"येते म्हणजे काय? न यायला काय झालं?"

"मागच्या खेपेला टाके घालावे लागले होते, म्हणून म्हटलं."

"तो भोपळा होता!"

त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं की काकडी, टोमॅटो आणि कांदा या तिघांपैकी एकही माझ्या सॅलडमध्ये पाऊल टाकणार नाही. असं सॅलड करीन की डेपोतले लोक म्हणतील, ज्या बाईच्या घरी असं सॅलड होतं ती बाई फोरमन होणार नाही तर कोण होणार!

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट बिल्डिंगभर झाली होती. कशी झाली ते मला माहीत नाही. मी फक्त जिन्यात तीन-चार जणांना सांगितली होती.

सल्ला द्यायला सगळ्यात आधी आल्या तळमजल्यावरच्या सिस्टरबाई. या इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, पण इस्पितळ त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. त्यांच्या मते कच्च्या पदार्थाला चव वगैरे नसते, त्याला फक्त जंतू असतात. "काय हवं ते घाला," त्या म्हणाल्या, "पण माझ्या हातून धुवून गेल्याशिवाय एक पान कुणाच्या तोंडात जाता कामा नये."

त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे कर्नल आले. कर्नल सैन्यात कधीच नव्हते, ते बँकेत होते. पण त्यांची मिशी आणि जिना चढताना मोठ्याने पावलं मोजण्याची सवय पाहून कुणीतरी त्यांना कर्नल म्हणालं, आणि त्यांनी ती पदोन्नती विनातक्रार स्वीकारली. गच्चीवर त्यांच्या कुंड्या आहेत. ते म्हणाले, "माझ्याकडच्या त्या केशरी फुलांची पाकळी चावून बघितलीत कधी? मुळ्यासारखी तिखट लागते. रीतसर खाण्याचं फूल आहे ते. पुस्तकात आहे."

"मग द्याल का मला?"

"फुलं देईन. पण फुलांबरोबर मी येईन. मी त्यांना एकटं कुठे पाठवत नाही."

आता मी प्रयोगांना लागलो. प्रयोग संध्याकाळी, परीक्षक बायको. ती कामावरून येऊन हात धुऊन बसली की मी तिच्यापुढे वाटी ठेवायचो आणि परीक्षेच्या निकालासारखा तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहायचो.

पहिल्या दिवशी कच्चा बटाटा, किसून, लिंबू पिळून. तिने एक घास चावला, आणखी चावला, मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गॅस्केट आहे."

दुसऱ्या दिवशी पॉपकॉर्न. कल्पना माझ्या मते झकास होती: काहीतरी कुरकुरीत हवं ना! पण लिंबाचा रस लागल्याबरोबर ते पॉपकॉर्न असे आक्रसले की वाटीत कुणीतरी ओला कापूस ठेवलाय असं वाटावं. ती म्हणाली, "हे जखमेला लावायचंय का?" मी वाटी सिस्टरबाईंना नेऊन दाखवली, तर त्याही म्हणाल्या की जखमेलासुद्धा नको.

मग स्ट्रॉबेरीवर मिरपूड. हे तिला आवडलं, पण तिने त्यातल्या सगळ्या स्ट्रॉबेऱ्या खाऊन टाकल्या आणि म्हणाली, "हे सॅलड नव्हे, हा लाड आहे. ऐंशी माणसांना पुरणार कसा?" मग बिटाची पानं. मग संत्र्याची साल. ती इतकी कडू की बायकोने त्या संध्याकाळी माझ्याशी बोलणंच सोडलं, आणि ते रागाने की जीभ वळत नसल्यामुळे हे मला अजून कळलेलं नाही. गाजराचा पाला मात्र बारीक चिरून घातला तर तिने भुवया उचलल्या. "ह्याला वास चांगला आहे. ठेवा हा." आठवडाभराच्या मेहनतीत माझ्या पदरात पडलेली ही पहिली शाबासकी. तीसुद्धा पाल्याला.

खरा शोध मला योगायोगाने लागला. मोठे शोध असेच लागतात, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत असतो. मी एका गळक्या छताच्या दाव्याची फाइल वाचत कलिंगड खात बसलो होतो. दावा इतका संशयास्पद होता की लाल कधी संपलं आणि पांढरं कधी सुरू झालं ते कळलंच नाही. एकदम लक्षात आलं, आपण साल खातोय! आणि लागतेय छान! मी उठलो, वरचं हिरवं टणक कवच सोलून काढलं, आतल्या पांढऱ्या सालीचे पातळ काप केले, मीठ आणि लिंबू लावून बायकोपुढे ठेवले.

तिने एक काप उचलला. चावला. थांबली. एंजिनाचा आवाज ऐकताना ती मान थोडी तिरकी करते, तशी केली.

"हे काय आहे?"

"ओळख."

"काकडी नाही. मुळाही नाही." तिने दुसरा काप उचलला. मग तिसरा. "कुठून आणलंत?"

"कचऱ्याच्या डब्यात जायच्या वाटेवर होतं," मी म्हणालो. आयुष्यात कुठल्याही विमा दाव्याने मला असा आनंद दिला नव्हता.

त्यानंतर सगळं भराभर जुळत गेलं. सालीचे काप, गाजराचा पाला, कोवळ्या डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, भाजून सोललेल्या कलिंगडाच्या बिया, वर कर्नलची केशरी फुलं. या सगळ्यावर घालायला एक गडद रस: संत्री, लिंबू, थोडं तेल, मिरपूड आणि चमचाभर कडक कॉफी. कॉफी ऐकून सिस्टरबाईंनी कपाळाला हात लावला, पण त्या कडूपणाशिवाय साल नुसती बावळट लागायची. हे मी सांगत नाही, बायको म्हणाली.

प्रश्न राहिला पुरवठ्याचा. ऐंशी माणसांना पुरेल इतकी साल हवी तर कलिंगडं किती? मी उत्साहात हातगाडीभर कलिंगडं आणली. मग दुसरा प्रश्न उभा राहिला, की आतल्या लाल भागाचं काय करायचं? पहिल्या दिवशी बिल्डिंगने कौतुकाने खाल्लं. दुसऱ्या दिवशी सभ्यपणे खाल्लं. तिसऱ्या दिवशी माझी चाहूल लागली की जिन्यातली दारं धडाधड बंद होऊ लागली. कर्नल आतूनच ओरडले, "घरी नाही मी!"

एवढं करून जमवलेल्या साली मी सिस्टरबाईंकडे धुवायला ठेवून ऑफिसला गेलो, ही माझी चूक. त्यांनी त्या त्यांच्या लाडक्या जांभळ्या औषधात, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटमध्ये, दिवसभर भिजवल्या. संध्याकाळी मी पातेल्याचं झाकण काढलं तर आत चहात बुडवलेल्या चपलांसारखं काहीतरी दिसलं. "आता एक जंतू सापडला तर नाव बदला माझं," त्या म्हणाल्या. जंतू खरंच सापडले नसते. त्यांनी ते बघूनच पळ काढला असता.

सत्काराला तीन दिवस उरले होते. आणखी कलिंगडं आणली तर बिल्डिंग मला वाळीत टाकणार हे उघड होतं. मग मला ज्यूसवाला आठवला. ऑफिसच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे. तो लाल भाग काढून घेतो आणि साली टोपलीत टाकतो. मी दुपारच्या सुट्टीत पिशवी घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"ताज्या, स्वच्छ साली हव्यात. जेवढ्या असतील तेवढ्या."

त्याने मला टायपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "म्हैस आहे वाटतं घरी?"

"म्हैस नाही. पाहुणे आहेत."

यावर त्याने टोपलीतल्या ताज्या ताज्या साली निवडून पिशवीत भरल्या. पिशवी हातात देताना म्हणाला, "साहेब, एक ग्लास ज्यूस घ्या. माझ्याकडून."

नशीब असं की नेमके त्याच वेळी आमचे मॅनेजरसाहेब रस्ता ओलांडत होते. त्यांनी मला पाहिलं. पिशवी पाहिली. पिशवीतून बाहेर आलेल्या साली पाहिल्या. मी नमस्कारासाठी हात उचलला तर आणखी दोन साली खाली पडल्या, आणि त्या मी उचलून, फुंकर मारून परत आत ठेवल्या. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्याची लाज राखणारा माणूस जशी वळवतो तशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम! बायको फोरमन झाली!"

"हो, ते तुम्ही सांगितलंत. बऱ्याच वेळा." ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "हे बघा, संकोच करू नका. आपण सगळे एकच आहोत."

जेवायच्या सुट्टीत माझ्या टेबलावर एक डबा होता. मग दुसरा आला. पलीकडच्या टायपिस्टबाई तर माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या. मी उभा राहून सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, "गैरसमज नको! साली मी सॅलड करायला नेल्या! त्या आम्ही खाणार आहोत!" हे ऐकल्यावर तिसरा डबा आला.

माझ्यासारख्या अब्रूदार माणसाने हे सगळं गिळलं, ते कुणासाठी? डबेसुद्धा गिळले, कारण एकात छान आमटी होती. पण मन खट्टू झालं होतं. संध्याकाळी मी साली सोलता सोलता बायकोला म्हणालो, "काकडीच नेऊ का गं?"

ती शेजारी बसून डिंगऱ्यांचे देठ काढत होती. मान वर न करता म्हणाली, "खड्ड्यात उतरले त्या पहिल्या दिवशी मला सगळे म्हणाले होते, बाई, तुम्ही ऑफिसात बसा, तिथे पंखा आहे. बसले असते तर आज पंख्याखालीच असते." मग तिने माझ्या हातातली साल घेतली. "जाड सोलताय. असं धरा."

काकडीचा विषय तिथेच संपला.

सत्काराच्या दिवशी बायको सकाळीच डेपोत गेली. मी आणि कर्नल टॅक्सीने निघालो. माझ्या मांडीवर सॅलडचा मोठा टोप, पायांत रसाची बाटली, कर्नलच्या मांडीवर फुलांचा डबा. डेपोच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"आत न्यायच्या प्रत्येक वस्तूचा पास लागतो. टोपात काय?"

"सॅलड."

"म्हणजे कशाचं?"

खोटं बोलायची मला सवय नाही, नोकरीच तशी आहे. "कलिंगडाच्या सालीचं."

पहारेकरी खुर्चीवरून उठला. "साल म्हणजे कचरा. कचरा आतून बाहेर जातो साहेब, बाहेरून आत येत नाही. नियम आहे."

"अहो, मी मॅडमचा नवरा आहे!"

"मॅडमच्या नवऱ्यासाठी वेगळा नियम नाही. आणि ह्या डब्यात?"

"फुलं!" कर्नल छाती पुढे काढून म्हणाले आणि झाकण उघडलं. आतून एक मधमाशी बाहेर आली. ती पहारेकऱ्याच्या टोपीभोवती एक फेरी मारून पासांच्या पुस्तकावर बसली.

"हे जिवंत आहे," पहारेकरी मागे सरकत म्हणाला. "जिवंत वस्तूचा पास माझ्याकडे नाही."

"ती आमच्याबरोबर नाही," कर्नल म्हणाले. "वाटेत बसली."

आरडाओरडा ऐकून स्टोअरकीपर, म्हणजे समिती, धावत आली. तोडगा निघाला तो असा: टोप "चिरलेली भाजी" म्हणून आत, फुलं "सजावट" म्हणून आत, माशी बाहेर. बाटली मात्र अडली. द्रव पदार्थ स्टोअरमध्ये जमा केल्याशिवाय वर्कशॉपच्या आवारात नेता येत नाहीत.

"आत काय आहे?" समितीने विचारलं.

"सॅलडवर घालायचा रस."

"तेल आहे का त्यात?"

"थोडंसं."

"मग तेलातच धरावं लागेल," असं म्हणून त्यांनी ती बाटली तेलाच्या फळीवर नेऊन ठेवली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या आणि मी टोप घेऊन तिकडे पळालो.

आणि मग मी तिला पाहिलं. नवा निळा कोट, खिशावर "फोरमन" अशी अक्षरं, हातात फुलांचा गुच्छ. समोर ऐंशी माणसं: मेकॅनिक, त्यांच्या बायका, नवरे, म्हातारे आईबाप. शेजारच्या टेबलावर पदार्थांची रांग होती, आणि त्या रांगेत एका ताटात काकडी, टोमॅटो आणि कांदा, नीट गोल कापून मांडलेले. समितीने खबरदारी म्हणून आपल्या घरून आणले होते! मी त्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे एकदाच पाहिलं.

डेपो मॅनेजरचं भाषण संपत आलं तसा मी बाटली आणायला स्टोअरमध्ये गेलो. समितीला बायकोचं भाषण ऐकायची घाई होती. त्यांनी फळीवरून बाटली उचलली, माझ्या हातात दिली आणि माझ्याआधी हॉलमध्ये पोचले. मी परत आलो तेव्हा ती बोलत होती. तिला भाषण येत नाही, ती बोलते. सगळे कान देऊन ऐकत होते. मी टेबलापाशी उभा राहिलो, टोपावर फुलं पसरली, बाटलीचं झाकण काढलं, आणि कान तिच्याकडे ठेवून बाटली तिरकी केली.

"...आणि कोण कितीही जुना असो," ती म्हणत होती, "एक गोष्ट मी या वर्कशॉपमध्ये चालवून घेणार नाही, ती म्हणजे... अहो! थांबा! हात वर!"

मी बाटली वर केली. हॉलमधल्या ऐंशी माणसांनी हात वर केले. पहिल्याच दिवशी एवढी शिस्त मी कुठल्याच ऑफिसात पाहिली नाही.

ती गुच्छ टेबलावर टाकून तरातरा खाली आली, बाटली माझ्या हातातून घेतली आणि नाकाला लावली. "गिअर ऑइल आहे हे. तुमची कॉफी एवढी दमाने पडत नाही." बाटलीच्या तोंडाशी एक जाडा थेंब आलेला होता. तो पडला तो माझ्या बुटावर. टोपात काहीही पडलं नव्हतं.

"मग माझा रस कुठाय?" मी ओरडलो.

समितीचा चेहरा पांढरा पडला. "तेलाच्या फळीवर होता... मघाशी खड्ड्यावरून मागणी आली... मी दिला."

मागच्या रांगेतून एक दांडगा मेकॅनिक उभा राहिला, हात अजून वरच होता. "मॅडम, ते तेल लई भारी आहे! तो गंजलेला नट परवापासून हलत नव्हता. ह्याचं चमचाभर टाकलं आणि फिरला! कुठल्या कंपनीचं आहे?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. आता सांगा, अशा वेळी माणसाने लाजावं की काय करावं? मी मान ताठ केली आणि म्हणालो, "घरी बनवलंय."

टाळ्या पडल्या. अगदी प्रामाणिक टाळ्या. बाटली जवळजवळ भरलेलीच होती, ती आणली गेली. बायकोने आधी वास घेतला, मग बोटावर घेऊन चाखली आणि मान हलवली. सिस्टरबाईंना मी आमंत्रण द्यायला विसरलो होतो, ते बरंच झालं. मी रस ओतला, टोप ढवळला आणि बाजूला झालो.

कुणी पुढे येईना. लोक आमटीकडे वळले, भाताकडे वळले. सालीची बातमी फाटकावरून आत पोचलेली होती. दोन-तीन हात तर काकडीकडे जाताना मी स्वतः पाहिले. शेवटी तो नटवालाच पुढे झाला. "नटाला सोसलं ते मला नाही सोसणार?" म्हणत त्याने ताटात ढीगभर घेतलं आणि तोंडात भरलं. कर्रम्, असा आवाज झाला. हॉल गप्प होता, त्यामुळे तो आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तो चावत राहिला. डिंगरी आली, मग तिखट पाकळी आली असावी, कारण त्याचे डोळे मोठे झाले. मग तो एवढंच म्हणाला, "अजून वाढा की."

त्यानंतर मला वाढण्याखेरीज दुसरं काही करताच आलं नाही. कुणी सालीबद्दल विचारत होतं, कुणी त्या पाल्याबद्दल. एक आजी बिया वेचून रुमालात बांधून घेत होत्या. कर्नल टेबलाच्या टोकाशी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "ती फुलं माझी." फाटकावरचा पहारेकरीसुद्धा ताट घेऊन आला. मी त्याला विचारलं, "पास आहे का?" पण वाढलं. काकडीचं ताट जसं मांडलं होतं तसं गोलच्या गोल राहिलं. समितीने शेवटी त्यातला एक काप उचलला, इकडेतिकडे पाहिलं, तो परत ठेवला आणि ताट घेऊन माझ्या रांगेत उभी राहिली. मी समितीलाही वाढलं. मोठेपणा मोठेपणा म्हणतात तो हाच, असं मला वाटलं.

बायकोसाठी मी एक वाटी टेबलाखाली पायांत धरून राखली होती. अभिनंदन करणाऱ्यांतून सुटून ती आली तेव्हा टोप रिकामा झाला होता.

"संपलं?" तिने विचारलं, आणि तिचा चेहरा उतरला. खरं सांगतो, तेवढ्यासाठी मी आणखी एक म्हैसभर साली वाहायला तयार होतो. मी वाटी पुढे केली. ती उभ्या उभ्या खाऊ लागली.

"कसं झालंय?"

ती खात राहिली. तेवढ्यात फोटोग्राफर हाका मारायला लागला. वर्कशॉपच्या ऑफिसात प्रत्येक फोरमनचा फोटो लावतात, तो काढायचा होता. ती चावत चावतच गेली, कोटाची कॉलर नीट केली, आणि मी पलीकडे रिकामा टोप पोटाशी धरून उभा होतो त्या दिशेला बघून हसली. तेवढ्यात फ्लॅश पडला.

पुढच्या आठवड्यात तो फोटोग्राफर तयार फोटो घेऊन डेपोत आला, तेव्हा मी तिथेच होतो. तो खजील झाला होता. "मॅडम, एक घोटाळा झालाय. समोरच्या दातात काहीतरी हिरवं अडकलंय. काळजी करू नका, मी कॉम्प्युटरवर साफ करून देतो. कळणारसुद्धा नाही."

बायकोने फोटो उजेडाकडे धरला. मीही तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. गाजराचा पाला होता. बारीक चिरलेला.

"नका काढू," ती म्हणाली. "ते आमच्या ह्यांचं काम आहे. राहू द्या."

आता त्या भिंतीवर सगळे जुने फोरमन तोंडं घट्ट मिटून ओळीने बसलेत, आणि शेवटी ही हसतेय. लोक त्या हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवून विचारतात की हे काय आहे. विचारू देत. मी हल्ली संध्याकाळी तिला आणायला जातो तो जरा लवकरच जातो, आणि बरोबर त्या फोटोखाली उभा राहतो.